बॅटरीची शिल्लक

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण बाहेरचा माणूस ऐकतो आणि हसतो. आमच्या जिल्ह्यातला माणूस तीच म्हण छाती पुढे काढून सांगतो. अर्थ बहुधा दोघांनाही ठाऊक नसतो. मला मात्र तो गेल्या उन्हाळ्यात समजला. टॉर्चमध्ये घालतात तो कोरडा सेल जर्मनीत जन्मला. माइन्ट्स गावच्या कार्ल गासनर नावाच्या डॉक्टराने १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं. आणि तोच सेल शेवटच्या थेंबापर्यंत कसा पिळावा, याचं शास्त्र परभणी जिल्ह्यात सेलू मुक्कामी आमच्या तीर्थरूपांनी पूर्णत्वाला नेलं. (गावाचं नाव सेलू आहे, यात माझा काही हात नाही.)

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेत पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो. विद्युतशास्त्राच्या इतिहासात मी नाक खुपसायचं काहीच कारण नव्हतं. पण आमच्या घरात एक खून झाला. मयत चिरंजीवांच्या रिमोटच्या मोटारीची बॅटरी आणि आरोपी अस्मादिक. बचावासाठी कागदपत्रं जमवता जमवता मी थेट इसवी सन १८०० पर्यंत जाऊन पोचलो.

त्या साली व्होल्टा नावाच्या इटालियन गृहस्थांनी तांबं-जस्ताच्या चकत्या एकीवर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले, आणि त्या चळतीतून वीज निघाली. आमच्याकडे इतकी चळत रचली असती तर लोणचं झालं असतं. पुढल्याच वर्षी त्यांनी हा प्रयोग पॅरिसला नेपोलियनसमोर करून दाखवला आणि मानसन्मान मिळवला. मग १८६६ साली लेक्लांशे या फ्रेंच माणसाने जस्त, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा सेल बनवला. पण त्यात पाणी असे, तो आडवा केला की सांडे. गासनरने नवसागर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवला आणि जस्ताचा डबाच सेलचं अंग केला. आता सेल उलटा करा, पालटा करा, धोतराच्या खिशात घाला, काही सांडत नाही. दीड व्होल्टचं हे कार्टं जगभर पसरलं ते असं.

आमच्या सेलूत त्याचं घराणं फार प्रतिष्ठित होतं. मुळात आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, बॅटरीला सेल म्हणतात, आणि सेल उतरला की टॉर्चला डबडं म्हणतात. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरात एक ट्रान्झिस्टर. त्यात मोठे सेल. नवे सेल आणले की अण्णा त्यांच्या अंगावर तारीख लिहीत. सेलची पहिली नेमणूक रेडिओत होई. आवाज बसला की बदली बॅटरीत, म्हणजे टॉर्चमध्ये. तिथे उजेड तांबडा पडायला लागला की दोन दिवस माळवदावर उन्हात. उन्हातून आलेला सेल पुन्हा रेडिओत, सकाळच्या बातम्यांपुरता. त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळात निवृत्तिवेतनावर. घड्याळ मागे पडू लागल्यावरच सेलला मेल्याचा दाखला मिळे. सरकारी नोकरसुद्धा इतकी वर्षं वापरून घेत नाहीत.

सेल उन्हात ठेवणाऱ्या माणसांना शिकलेले लोक हसतात. मीही बी. कॉम. झाल्यावर हसलो होतो. ते चूक होतं. लेक्लांशेच्या कुळातला सेल वापरताना त्याच्या आत कार्बनच्या कांडीपाशी हायड्रोजन साठतो आणि वीज अडते. तिथला मँगनीज डायऑक्साइड तो हायड्रोजन गिळत असतो, पण बेताबेताने. सेलला विसावा दिला की तेवढ्यात तो मागचं काम उरकतो, आणि उष्णतेने आतली क्रिया थोडी चपळ होते. म्हणजे उन्हात ठेवलेला सेल चार गाणी जास्त वाजतो हे खरंच. वारंवार तापवला तर आतला ओलावा जाऊन तो लवकर मरतो हेही तितकंच खरं. पण अण्णांच्या हाती लागलेल्या सेलने लवकर मरण्याची सवलत कधीच घेतली नाही.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला. मी सहा वर्षांचा होतो. अण्णांनी त्या रात्री बातम्या संपल्यावर रेडिओचं मागचं झाकण काढलं, लाल सेल हातात घेतला आणि कंदिलापाशी धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. भोपाळचा कारखाना ज्या युनियन कार्बाइड इंडियाचा, तिचेच एव्हरेडीचे सेल आमच्या रेडिओत होते. अण्णा काही बोलले नाहीत. सेल परत जागेवर घातला. दुसरं काय करणार? सकाळच्या बातम्या ऐकायच्या होत्या.

१९८७ साली फेब्रुवारीत अण्णांनी मला परभणीच्या उरुसात नेलं. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात आख्खा जिल्हा लोटतो. पाळणे, रेवड्या, बांगड्या, आणि खेळण्यांच्या दुकानांची रांग. तिथे मी रिमोटची मोटार पाहिली आणि जमिनीवर बसलो. रिमोटची म्हणजे वायरची. हातातल्या डब्यातून वायर निघे आणि मोटारीच्या बुडात शिरे. कुत्र्याला साखळीला धरून फिरवावं तशी ती फिरवायची. डब्यात दोन मोठे सेल. अण्णांनी भाव केला, मला उठवलं, आणि परतीच्या गाडीत एक अट घातली: मोटारीला नवे सेल मिळायचे नाहीत. रेडिओतून उतरलेले, टॉर्चमधून उतरलेले, घड्याळात जायच्या आधीचे, असे सेल महिन्यातून एक रविवार.

रेडिओ थोडक्या विजेवर गातो. मोटारीच्या पोटातलं यंत्र हावरट, त्याला एकदम घसघशीत वीज लागते. म्हातारा सेल ती देऊ शकत नाही. तेव्हा आमची मोटार वीतभर जायची, उसासा टाकायची आणि थांबायची. नऊ महिने ती नव्यासारखी राहिली याचं रहस्य एवढंच, की ती चाललीच नव्हती.

नोव्हेंबर उजाडला. रिलायन्स वर्ल्ड कप. पाच तारखेला वानखेडेवर उपांत्य सामना, भारत विरुद्ध इंग्लंड. अण्णांनी त्यासाठी आदल्या आठवड्यात कोरे करकरीत सेल आणून रेडिओत घातले. कोरे सेल! चार तारखेला दुपारी अण्णा शाळेत आणि आई शेजारी पापडाला. पुढचं सांगायची गरज नाही. त्या दिवशी माझी मोटार ओसरीवरून निघाली ती न्हाणीच्या दगडावर आपटेपर्यंत थांबली नाही. आळीतली सगळी पोरं जमली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिला पळवली. सेल परत रेडिओत घातले, अंगावरची तारीख वर येईल अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी अण्णा रजा टाकून रेडिओपाशी बसले. ग्रॅहम गूच स्वीपवर स्वीप मारत होता. समालोचकाचा आवाज पहिल्यांदा दबला, मग खोल गेला, मग विहिरीतून येऊ लागला. अण्णांनी रेडिओला चापट मारली. मला वाटलं पुढली आपल्याला. गूच शतकाच्या आसपास असताना रेडिओ गप्प झाला. अण्णांनी झाकण उघडलं, सेल नुसता हातात घेऊन तोलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो नाही. स्टेशन रस्त्यावरच्या पानपट्टीपर्यंत पळालो आणि उरलेला सामना तिथे उभ्याने ऐकला. भारत पस्तीस धावांनी हरला. घरी गेल्यावर अण्णांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाल वाचला, पण सामन्याचा विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही. मार बरा होता.

आम्ही असे वायरला बांधलेले असताना बाहेर काय चाललं होतं? बिनतारी हुकमाने वाहन चालवायचं काम निकोला टेस्लाने १८९८ सालीच न्यू यॉर्कला करून दाखवलं होतं. हौदात छोटी होडी, तिच्या पोटात बॅटरी, हा काठावर. चौसष्टचं घनमूळ विचारलं तर होडीवरचे दिवे चारदा लुकलुकले, अशी कथा सांगतात. आमच्या शाखेत घेण्यासारखी होती. पुढे माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी, १९७६ साली, जपानच्या टामिया कंपनीने पोर्शे ९३४ ही विजेवर चालणारी रिमोटची मोटार काढली आणि मोठ्या माणसांना हे वेड लागलं. पोर्शेची नक्कल हुबेहूब व्हावी म्हणून टामियांनी खरी पोर्शे विकत घेऊन सुटी सुटी केली होती म्हणतात. आमच्याकडे खरी मोटार सुटी होते ती मेकॅनिककडे, आणि मग जुळत नाही.

या हौशी मोटारींना भरता येणारी बॅटरी हवी होती. स्वीडनच्या युंगनरने १८९९ साली काढलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी इथे कामाला आली. एक घर १.२ व्होल्टचं, अशी सहा घरं मिळून ७.२ व्होल्टची जुडी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कोरडा सेल म्हणजे ग्रॅच्युइटी, एकदा मिळाली ती पुरवून खायची. आणि ही बॅटरी म्हणजे बचत खातं, काढा आणि पुन्हा भरा. पण या खात्याला एक खोड होती. रोज थोडंथोडंच काढून पुन्हा भरत राहिलात, तर तिला वाटे याला लागतं एवढंच, आणि मग ती तेवढ्यावरच दम टाकायची. याला स्मृतिदोष म्हणत. म्हणून शर्यतीवाले लोक मोटार पळवून झाली की बॅटरीला दिवा जोडून तिला पार रिकामी करत.

ही विद्या मला १९९४ साली औरंगाबादच्या मावसभावाने दिली. त्याच्या काकांनी मस्कतहून खरी बिनतारी मोटार आणली होती. तो स्कूटरचा बल्ब बॅटरीला लावून बसे आणि बल्ब विझला की म्हणे, “आता ही सगळं विसरली.” मला ते वाक्य फार आवडलं. माणसांसाठी असा बल्ब निघायला हवा, असं तेव्हाही वाटलं होतं.

मग २००५ च्या पुढची भारनियमनाची वर्षं आली आणि घरात इन्व्हर्टर आला. त्याची बॅटरी शिशाची, १८५९ साली प्लांतेने काढलेल्या बॅटरीची वंशज. मावसभावाच्या शिकवणीप्रमाणे मी तिलाही अधूनमधून रिकामी करून ठेवू लागलो. ती दोन वर्षांत वारली. मिस्त्री म्हणाला, “साहेब, शिशाची बॅटरी भुकी नसती ठेवायची. आत खार धरती.” तिला सदा भरलेलं पोट लागतं आणि वेळेवर शुद्ध पाणी. म्हणजे आमच्या घरात आता तीन धर्म झाले. कोरड्या सेलला ऊन आणि विसावा, निकेलला कडकडीत उपास, शिशाला नित्य भोजन. एकाचं पथ्य दुसऱ्याला विष. एवढं कळूनही मी शहाणा झालो नाही, हे पुढे येईलच.

मागल्या दिवाळीत चिरंजीवांच्या मामांनी पुण्याहून मोटार आणली. हाताएवढी लांब, टायर म्हशीसारखे, आणि वेग असा की पहिल्याच दिवशी ती आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त तहसीलदारांच्या धोतरातून पलीकडे गेली. आत लिथियम पॉलिमरची बॅटरी, दोन घरांची, ७.४ व्होल्ट. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली, ही तिचीच धाकटी पाती. या शोधाबद्दल २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आमच्याकडे साठाव्या वर्षी नारळ देऊन घरी पाठवतात.

मार्चमध्ये परीक्षेसाठी मोटार जप्त झाली. बॅटरी नीट ठेवायची जबाबदारी मी घेतली. “तुला काय कळतंय, मी लहानपणापासून सेल सांभाळतोय,” असं मी चिरंजीवांना म्हणालो. मोटारीला एक राखणदार यंत्र असतं; बॅटरी फार उतरली की ते मोटार बंद पाडतं. मी बॅटरी मोटारीतूनच काढली आणि तिला स्कूटरचा बल्ब लावला. बल्ब मंदावला, तांबडा झाला, विझला. सगळं विसरली. मग फडक्यात गुंडाळून माळ्यावर, पत्र्याच्या खाली ठेवली. परभणीचा एप्रिल आणि मे म्हणजे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला. पत्र्याखाली काय असेल ते देवाला आणि त्या बॅटरीला माहीत.

जूनमध्ये फडकं सोडलं तर आत पुरी! टम्म फुगलेली. चार्जरला लावली तर त्याने बिघाड दाखवून तिला ओळख द्यायचंच नाकारलं. चिरंजीव बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “बाबा, तिला तीन व्होल्टच्या खाली नसतं न्यायचं,” एवढंच म्हणाले, आणि आत गेले. त्यांचं ते पाठ फिरवून जाणं मी १९८७ साली कुठेतरी पाहिलं होतं.

नंतर नीट वाचलं ते असं. लिथियमच्या खात्याला किमान शिल्लक असते. एका घरात भरलेली असताना ४.२ व्होल्ट. तीनच्या खाली गेलात तर दंड नाही, खातंच बंद. आत तांबं विरघळतं, वायू धरतो, आणि मग जबरदस्तीने भरली तर पेटू शकते. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर पूर्ण भरूनही ठेवायची नाही. साधारण अर्धी, घराला ३.८ व्होल्टच्या आसपास, आणि थंड सावलीत. पळवून आणल्यावर गरम असताना लगेच भरायची नाही. दोन्ही घरं सारखी भरणाऱ्या चार्जरवरच भरायची, नजरेसमोर, गादी-पडद्यापासून लांब. फुगलेली बॅटरी भोसकायची नाही, वापरायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. थोडक्यात पूर्ण उपास नाही, पूर्ण भोजन नाही, ऊन तर नाहीच. चौथा धर्म. आणि मी त्याला दुसऱ्या धर्माचा विधी करून पहिल्या धर्माच्या जागी ठेवलं होतं.

नवी बॅटरी मी माझ्या पैशांनी मागवली. घरात तह झाला. पण या वाचनात मला एक पाचवाही धर्म सापडला आणि तो वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो.

अण्णा आता आमच्याकडेच असतात, वय शहाऐंशी. तीन वर्षांपूर्वी कानाचं यंत्र घेतलं. त्याचा सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा, पाठीवर नारिंगी चिकटपट्टी. अण्णा यंत्र सकाळी तासभर आणि संध्याकाळी बातम्यांना घालत. बाकी दिवसभर ते डबीत. रात्री सेल बाहेर काढून त्याची नारिंगी पट्टी पुन्हा चिकटवून ठेवायची. “वाया कामून घालवायचा?” हिने हाक मारली तरी ऐकू नाही, नातवाने शाळेतलं सांगितलं तरी नुसती मान हलवायची. आम्हीही हळूहळू सांगणं सोडलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण सोडलं होतं.

तो सेल जस्त आणि हवेचा. त्याला बारीक भोकं असतात. पट्टी काढली की हवा आत जाते (मिनिटभर थांबून मग यंत्रात घालावा) आणि जस्ताचं काम सुरू होतं. एकदा सुरू झालं की यंत्र कानात असो नाहीतर डबीत, सेल काही आठवड्यांत उतरतोच. पट्टी परत लावून फारसा उपयोग होत नाही. म्हणजे अण्णा तीन वर्षं जे वाचवत होते ते वाचतच नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेलो. यंत्र डबीत होतं. पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, डबी उघडली, यंत्र कानात बसवलं.

“म्हणजे घातलं काय अन् काढलं काय, ह्यो जातोच?”

“जातोच, अण्णा.”

“मग तू आधी कामून नाही सांगितलंस?”

“डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुमच्यासमोर.”

“तवा यंत्र डबीत आसंल,” अण्णा म्हणाले.

बाहेर अंगणात चिरंजीवांनी मोटार सोडली होती. तिचा किर्र आवाज भिंतीला लागून गेला आणि अण्णांनी मान वळवली. तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. थोडा वेळ ऐकत बसले. मग माझ्याकडे वळले.

“त्या मॅचला तू पानपट्टीवर होतास ना? गूच कसा गेला रे?”

“मणिंदरने काढला. श्रीकांतने कॅच घेतला. एकशे पंधरा.”

“आसं नको. पहिल्यापासून सांग. मला ऐकू आलं नव्हतं तिथून.” आणि यंत्राला बोट लावून म्हणाले, “बस निवांत. तसाही हा चाललाच आहे.”